परक्याची झडती आणि आपली करमणूक

सुशिक्षित कुटुंबांत रात्रीच्या जेवणानंतर दूरचित्रवाणीसमोर बसण्याची चाल आतां इतकी रुळली आहे कीं, तिच्याविरुद्ध बोलणारा मनुष्य केवळ जुनाट ठरतो. प्रस्तुत लेखकाला तसें बोलावयाचेंही नाहीं. ‘रिअॅलिटी शो’ या नांवानें चालणाऱ्या खेळांपैकीं कांहीं मीही आवडीनें पाहतों. ऑस्ट्रेलियांतील ‘मास्टरशेफ’ ही पाककलेची स्पर्धा लागली म्हणजे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाजूस सारतों, हें प्रारंभींच कबूल केलेलें बरें. माझा वाद या करमणुकीच्या एका विशिष्ट जातीशीं आहे. आणि त्याहूनही अधिक, ती पाहतां पाहतां देशांतर करणाऱ्या माणसांविषयीं आपलीं जीं मतें बनतात, त्यांच्याशीं आहे.

निमित्त घडलें तें एका स्नेह्यांच्या घरीं. ऑस्ट्रेलियाच्या विमानतळांवरील तपासणी दाखविणारी ‘बॉर्डर सिक्युरिटी’ ही मालिका लागली होती. इ. स. २००४ मध्यें ती त्या देशांत सुरू झाली. पडद्यावर एक वृद्ध आशियाई बाई उभी होती. तिला इंग्रजी येत नव्हतें. गणवेशांतील अधिकारी तिच्या पेटींतून एकेक पुडी काढून टेबलावर मांडीत होता : सुकी मासळी, बिया, कसलींशीं मुळें, घरचा मसाला. प्रत्येक पुडीसरशीं आमच्या दिवाणखान्यांत हंशा पिकत होता. “पाहिलंत ना, भावजी ?” वहिनी हंसत म्हणाल्या, “सारा संसारच बांधून आणलाय बाईनं !” स्नेही गंभीरपणें म्हणाले, “असल्या लोकांना आल्या पावलीं परत पाठवलं पाहिजे.” आणि त्याच वेळीं शेजारच्या खोलींत वहिनींची स्वतःची पेटी उघडी पडली होती. पुढच्या आठवड्यांत त्या मुलाकडे न्यू जर्सीस निघावयाच्या होत्या. पेटींत मेतकूट होतें, भाजणी होती, गोडा मसाला होता, आणि जुन्या साडींत गुंडाळलेली लोणच्याची बरणी होती. आंत येतांनाच तें सारें माझ्या दृष्टीस पडलें होतें.

मीं इतकेंच विचारलें, “चिरंजीवांचा कायम वास्तव्याचा कागद कुठवर आला ?” त्यांचे चिरंजीव बारा वर्षें त्या रांगेंत उभे आहेत. क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग स्नेही म्हणाले, “त्याची गोष्ट निराळी. तो रीतसर गेला आहे.”

या ‘निराळी’ शब्दासाठींच हा लेख लिहावा लागत आहे.

रीतसर तर ती बाईही आली होती. व्हिसा असल्यावांचून विमान कंपनी सहसा कोणास विमानांत पाऊल ठेवूं देत नाहीं. तिचा अपराध असलाच तर एवढाच कीं, आणलेल्या खाद्यपदार्थांची नोंद तिनें ठरलेल्या कागदावर केली नव्हती; आणि तो कागद तिला वाचतां येत नव्हता. बाहेरच्या बियांपासून व कच्च्या अन्नापासून आपल्या शेतीस व जनावरांस रोग लागूं नये म्हणून ऑस्ट्रेलियानें कडक कायदे केले आहेत. ते योग्यच आहेत. पुड्या जप्त कराव्या, नियमाप्रमाणें दंड करावा. त्याबद्दल कोणाची तक्रार असूं नये. परंतु जप्तीस प्रेक्षक कशाला हवेत ? दवाखान्यांत रोग्यास तपासतांना पडदा ओढतात. तपासणी आवश्यक असते, म्हणून ती चवाठ्यावर व्हावी असें कोणी म्हणत नाहीं.

आपल्या आजोबांच्या काळीं मुलगी पाहण्याचा समारंभ असे. चालून दाखव, नांव सांग, सुईंत दोरा ओवून दाखव, अशा आज्ञा होत आणि घाबरलेल्या मुलीचा हात कांपला म्हणजे पाहुणे एकमेकांकडे पाहून हंसत. त्या प्रकारास आज आपण रानटी म्हणतों, आणि योग्य तेंच म्हणतों. कारण त्यांत एक बाजू केवळ पारखणारी असे आणि दुसरी केवळ पारखली जाणारी. नेमकी हीच मांडणी आज परदेशांतून तयार होऊन आपल्या घरांत येते आणि आपण पाहुण्यांच्या बैठकीवर जाऊन बसतों. अमेरिकेंत इ. स. २०१४ पासून ‘९० डे फियान्से’ नांवाची मालिका दाखविली जाऊं लागली. त्या देशाच्या नागरिकाशीं विवाह ठरलेल्या परदेशी व्यक्तीस विशिष्ट व्हिसावर तेथें जातां येतें, मात्र ९० दिवसांच्या आंत विवाह झाला पाहिजे, असा कायदा आहे. त्या ९० दिवसांवर ही मालिका उभी आहे. परदेशी वधूचें वा वराचें प्रेम खरें कीं केवळ कागदासाठीं, याचा निवाडा प्रेक्षक चहा घेतां घेतां करीत असतो. ज्या प्रश्नाचें उत्तर देतांना सरकारी अधिकाऱ्यासही घाम फुटावा, त्याचें उत्तर आपणांस एका तासांत, जाहिरातींसह, मिळतें !

येथें असा आक्षेप घेतला जाईल कीं, या मालिकांमुळें लोकांस कायदा कळतो. मला तें मान्य नाहीं. कॅमेरा टेबलाच्या अलीकडे, अधिकाऱ्याच्या खांद्यामागें असतो. म्हणून प्रेक्षकास प्रवासी दिसतो, कायदा दिसतच नाहीं. देशांतराची खरी हकीकत विमानतळावर घडत नसून कचेऱ्यांतील कागदांत घडते, आणि तिला फार वर्षें लागतात. माझ्या स्नेह्यांच्या चिरंजीवांचेंच उदाहरण घ्या. नोकरीच्या आधारावर कायम वास्तव्याचे जे परवाने अमेरिका देते, त्यांची वार्षिक संख्या कायद्यानें सुमारें १,४०,००० ठरविली आहे, आणि त्यांतच अर्जदारांच्या बायकामुलांचीही गणना होते. शिवाय कोणत्याही एका देशांत जन्मलेल्यांना सामान्यतः ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाहीं. हिंदुस्थानासारख्या विशाल देशास आणि चार गल्ल्यांच्या एखाद्या बेटास एकच मर्यादा ! त्यामुळें आपल्याकडील अभियंता दशकानुदशकें ताटकळतो. त्याचें घर, त्याची नोकरी, त्याच्या मुलांचें शिक्षण हीं सारीं टांगणीला लागतात. हा खरा विषय होय. पण बारा वर्षांची प्रतीक्षा पडद्यावर दाखवितां येत नाहीं. सुक्या मासळीची पुडी दाखवितां येते. म्हणून आपल्याला मासळी माहीत असते आणि कायदा माहीत नसतो.

दुसरा आक्षेप असा कीं, चित्रण त्या माणसांच्या संमतीनेंच होतें. ही संमती कशी असते तें कॅनडांत उघडकीस आलें. ऑस्ट्रेलियन मालिकेचें अनुकरण तेथें इ. स. २०१२ मध्यें सुरू झालें. इ. स. २०१३ च्या मार्चमध्यें व्हँकुव्हर शहरांतील एका बांधकामावर अधिकाऱ्यांनीं धाड घातली, तेव्हां त्यांच्याबरोबर चित्रणकारही होते. पकडलेल्या मजुरांपैकीं एकाच्या वतीनें तक्रार झाली. त्या देशाच्या खाजगीपणाविषयक आयुक्तांनीं इ. स. २०१६ च्या जूनमध्यें निर्णय दिला कीं, अटकेंत असलेल्या माणसानें दिलेली असली संमती स्वेच्छेची मानतां येत नाहीं. सरहद्दीच्या खात्यानें अंग काढून घेतलें आणि मालिका बंद पडली.

व्हँकुव्हर हें नांव हिंदी माणसानें सहज विसरावें असें नाहीं. इ. स. १९१४ च्या मे महिन्यांत ‘कोमागाता मारू’ ही आगबोट त्याच बंदरांत ३७६ हिंदी प्रवासी घेऊन उभी होती. मायदेशांतून सलग प्रवास करून आलेल्यासच प्रवेश, असा नियम कॅनडानें केला होता, आणि तशी सलग जाणारी बोटच हिंदुस्थानांतून नव्हती. दोन महिने ती माणसें पाण्यावर अडकून पडलीं आणि किनाऱ्यावर बघ्यांची गर्दी जमत राहिली. अखेर मोजक्या प्रवाशांखेरीज सर्वांना युद्धनौकेच्या धाकाखालीं परत लावून देण्यांत आलें, आणि कलकत्त्याजवळ बजबज येथें उतरल्यावर त्यांतील अनेक जण गोळीबारास बळी पडले. या कृत्याबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनीं १८ मे २०१६ रोजीं लोकसभेंत क्षमा मागितली. म्हणजे ही क्षमायाचना आणि आयुक्तांचा तो निर्णय यांत महिन्याभराचेंच अंतर पडलें. किनाऱ्यावरच्या बघ्यांची आठवण झाली कीं आपलें रक्त तापतें. मग आपल्या दिवाणखान्यांतले बघे कोण ?

या सर्वांहून मोठा अनर्थ मला दुसरीकडे दिसतो. अशा बहुतेक खेळांचा प्राण एकच असतो : दर आठवड्यास एकास घालविणें. आपल्याकडे इ. स. २०१८ मध्यें मराठींत आलेल्या ‘बिग बॉस’चेंही सूत्र तेंच. खुर्च्या किती ठेवावयाच्या हें खेळ चालविणारा ठरवितो. त्या कमी कां, हा प्रश्न खेळांत विचारावयाचा नसतो. अशा खेळांवर पोसलेली बुद्धि देशांतराकडे वळली म्हणजे तेथेंही तिला एकच प्रश्न सुचतो : कोणास घालवूं या ? इ. स. २००० मध्यें व्हिएन्ना येथें श्लिंगेनझीफ या जर्मन नाट्यदिग्दर्शकानें हें ओळखून भर चौकांत एक विडंबन मांडलें. आश्रयार्थींना एका डब्यांत ठेवून, रोज कोणाला देशाबाहेर काढावें यावर लोकांचीं मतें मागितलीं. इ. स. २०११ मध्यें डच दूरचित्रवाणीवर, आश्रय नाकारलेल्या पांच तरुणांची त्याच देशाच्या भाषेवर व संस्कृतीवर प्रश्नमंजूषा झाली. विजेत्यास ४,००० युरो घेऊन निघून जावयाचें होतें. हीं दोन्ही उपहासासाठीं होतीं. पण लॉस एंजेलिसमध्यें इ. स. २००४ सालीं याच धर्तीचा एक खेळ खरोखरीच चालला. त्यांतील विजेत्यास देशांतराच्या अर्जासाठीं वर्षभर वकिलाचें साहाय्य मिळे. आणि इ. स. २०२५ च्या मेमध्यें, परदेशी उमेदवारांनीं नागरिकत्वासाठीं एकमेकांशीं झुंजावें असा खेळ अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्यापुढें सुचविण्यांत आला. खात्यानें तेव्हां मान्यता दिली नव्हती, परंतु प्रस्ताव तपासला जात असल्याचें सांगितलें. जें एके काळीं विडंबन होतें तें सरकारी टेबलावर विचारासाठीं पडलें ! यांत आश्चर्यही नाहीं. दर आठवड्यास एका उमेदवारास नोकरींतून काढून टाकण्याचा ‘अप्रेंटिस’ हा खेळ इ. स. २००४ पासून ज्यांनीं चालविला, तेच गृहस्थ पुढें परदेशी लोकांस रोखण्याच्या घोषणेवर निवडणूक लढले आणि इ. स. २०१७ मध्यें त्या देशाचे अध्यक्ष झाले.

आतां माझ्या आवडत्या पाकस्पर्धेकडे वळतों, कारण स्वतःस वगळून लिहिणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. इ. स. २०१८ मध्यें ‘मास्टरशेफ’चें अजिंक्यपद शशी चेलिया यांस मिळालें. ते सिंगापुरांत जन्मलेले तमिळ वंशाचे गृहस्थ. ॲडलेडच्या तुरुंगांत अधिकारी होते. त्याआधीं इ. स. २०१५ मध्यें विलायतेंतील ‘ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ ही स्पर्धा बांगलादेशी आईबापांची कन्या नादिया हुसेन यांनीं जिंकली आणि पुढच्याच वर्षीं राणीच्या ९० व्या वाढदिवसाचा केक त्यांनीं केला. मला दोन्हींचा आनंद झाला. परंतु या आनंदांतही एक खोट आहे. एका खेळांत परका मनुष्य संशयित म्हणून येतो, दुसऱ्यांत विजेता म्हणून येतो. जो ना चोर आहे ना अजिंक्य आहे, सकाळीं कामावर जातो, कर भरतो आणि संध्याकाळीं आईस दूरध्वनि करतो, त्याला कोणत्याच खेळांत जागा नाहीं. विजयी झाल्यासच आपण त्याला आपला म्हणणार असूं, तर तीही एक झडतीच झाली. आपलीं बहुतेक मुलें याच तिसऱ्या वर्गांतलीं आहेत.

मग देशाच्या सीमा मोकळ्या सोडाव्या काय ? मुळींच नाहीं. कोणास घ्यावें आणि किती घ्यावें, हें ठरविण्याचा राष्ट्राचा अधिकार मला पूर्ण मान्य आहे. परंतु नियम आधीं लिहिलेला असावा. तो अर्जदारास समजेल अशा भाषेंत सांगितलेला असावा. निर्णय माणसाच्या आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें उलटण्यापूर्वीं व्हावा. नकार द्यावयाचा तर कारण द्यावें आणि वर दाद मागण्याची सोय असावी. आणि हें सारें करमणुकीवांचून व्हावें. हीं मागणी कांहीं भावनाविवशतेची नाहीं. आपल्या मुलासाठीं आपण याहून कमी मागत नाहीं, आणि याहून अधिक मागण्याचा आपणांस अधिकारही नाहीं.

माझे स्नेही अजून म्हणतात कीं, त्यांच्या मुलाची गोष्ट निराळी. प्रत्येक बापाला ती निराळीच वाटते. त्या वृद्ध बाईच्या मुलालाही, विमानतळाबाहेर वाट पाहत असतां, आपल्या आईची गोष्ट निराळीच वाटत असली पाहिजे. वहिनी गेल्या आठवड्यांत न्यू जर्सीस पोहोंचल्या. लोणच्याची बरणी त्यांनीं निघतांना पेटींतून काढून ठेविली, असें स्नेह्यांनीं मला सांगितलें. कां, तें त्यांनीं सांगितलें नाहीं आणि मींही विचारलें नाहीं.