तीन मीटरांचे अंतर

सुट्टीत सहकुटुंब परदेशी समुद्रकिनारी जाणे आता आपल्या घरांना नवे राहिलेले नाही. सहलीच्या पत्रकांत अलीकडे ‘व्हेल शार्कसोबत पोहण्याचा अनुभव’ ही ओळ वारंवार दिसते. त्यासाठी पैसे भरण्यापूर्वी हा जीव कोण आणि त्याच्यासमोर आपण कसे जावे, याचा थोडा विचार अवश्य करावा.

नावात ‘व्हेल’ असला तरी हा देवमासा नव्हे. देवमासा हवेत श्वास घेणारा सस्तन प्राणी. व्हेल शार्क कल्ल्यांनी श्वास घेणारा मासा, कोकणात जिला मुशी म्हणतात तिच्या गोतातला. त्याच्या शरीरात हाडांऐवजी कूर्चा असते. १८२८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या टेबल उपसागरात मिळालेल्या नमुन्यावरून अँड्र्यू स्मिथ यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. जगातील हा सर्वांत मोठा मासा अठरा मीटरपर्यंत वाढू शकतो. तोंडात हजारो दात, पण ते इतके बारीक की खाण्याच्या कामी येत नाहीत. विशाल जबडा उघडून तो पाणी आत घेतो, कल्ल्यांजवळच्या चाळणीत सूक्ष्म जीव, माशांची अंडी व लहान मासे अडकतात आणि पाणी बाहेर पडते. माणसाच्या वाटेला तो जात नाही.

त्याच्या वाढीचा हिशेब मात्र फार संथ आहे. १९९५ मध्ये तैवानजवळ पकडलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे तीनशे पिले वाढीच्या निरनिराळ्या अवस्थांत आढळली. म्हणजे अंडी पोटातच उबतात आणि पिले जिवंत जन्मतात. परंतु ती वयात यायला दोन-अडीच दशके लागतात. अणुचाचण्यांमुळे समुद्रात उतरलेल्या कार्बनच्या खुणा मणक्यांत तपासून २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी एका व्हेल शार्कचे वय सुमारे पन्नास वर्षे ठरवले. व्यापारी मनाला हे चटकन उमगावे: मुद्दल मोडले, तर ते पुन्हा उभे राहायला एक पिढी जाते.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील निंगालू प्रवाळभिंतीजवळ हे मासे साधारण मार्च ते जुलै या काळात जमतात. तेथे तोंडात श्वासनळी आणि डोळ्यांवर काच लावून, म्हणजे स्नॉर्केलिंग करून, ते पाहता येतात, पण शिस्तीने. एका माशाभोवती एका वेळी दहाच जण, शरीरापासून तीन मीटर व शेपटीपासून चार मीटर अंतर, स्पर्श नाही, वाट अडवणे नाही, झगझगीत प्रकाश टाकून छायाचित्र नाही. त्याच्या अंगावरील पांढऱ्या ठिपक्यांची रचना आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी, प्रत्येकाची निराळी. तारकांची छायाचित्रे जुळवण्याच्या खगोलशास्त्रीय पद्धतीने ही ठिपक्यांची छायाचित्रे जुळवली जातात. त्यामुळे दुरून टिपलेले पर्यटकाचे एक छायाचित्रही ‘हा तोच मासा’ हे सांगू शकते. हात न लावता मिळालेले असे हे ज्ञान आहे.

याउलट फिलिपिन्समधील ओस्लोब येथे नावांतून कोळंबीसारखे बारीक जीव खाऊ घालून हे मासे रोज किनाऱ्याशी खिळवले जातात. दर्शनाची हमी मिळते, गावात पैसाही येतो. पण काही मासे आपला भटकंतीचा स्वभाव सोडून तेथेच रेंगाळतात आणि होड्यांशी घसटून त्यांच्या अंगावर व्रण उमटतात. आपण आमिषाचे गिऱ्हाईक झालो, तर त्या व्रणांत आपलाही वाटा असतो.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर यकृताच्या तेलासाठी आणि निर्यातीच्या मांसासाठी व्हेल शार्कची बेसुमार शिकार होत असे. माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटाने ते जगासमोर आणले आणि २००१ मध्ये या माशाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. पुढे २००४ मध्ये सुरू झालेल्या जनजागृतीत मोरारी बापूंनी त्याला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, म्हटले. माहेरी येणाऱ्या लेकीला कोणी मारते का, असा त्यामागचा भाव. तेव्हापासून वेरावळ परिसरातील मच्छीमार आपले महागडे जाळे कापून अडकलेली व्हाली सोडून देतात व शासन त्यांना भरपाई देते. महाराष्ट्रातही २०१८ पासून अशा सुटकेसाठी भरपाईची योजना आहे.

हातावर पोट असलेला मच्छीमार जाळे कापतो, तेव्हा प्रवाशाने तीन मीटर मागे राहणे किती सोपे! म्हणून सहल ठरवताना दोनच प्रश्न विचारावेत: तेथे माशांना खाऊ घालतात काय? अंतराचा नियम पाळला जातो काय? पहिल्याचे उत्तर ‘होय’ किंवा दुसऱ्याचे ‘नाही’ असेल, तर ती सहल कितीही स्वस्त असो, सोडून द्यावी. मुलांना त्या नकारातूनही पुष्कळ शिकता येईल.