परक्या शहरात आपले नाव

आपल्या निवासी शाळेतून बाहेर पडलेली मुले आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाहीत. शिक्षणाचा भाग म्हणून सहा-सहा महिने इंटर्नशिपसाठी परदेशी जाणारी मुले-मुली आमच्या पाहण्यात आहेत. पासपोर्ट हाती आला की वस्तीत पेढे वाटले जातात, विहारात वंदना होते, निरोपाच्या वेळी हार घालून छायाचित्रे काढली जातात. परंतु परक्या शहरातील पहिले महिने कसे काढावेत, याविषयी आपण त्यांना जवळजवळ काहीच सांगत नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याविषयी थोडे लिहावे, असे आम्हांस वाटले.

आमची एक माजी विद्यार्थिनी इंटर्नशिपसाठी जर्मनीतील स्टुटगार्ट या मोटारउद्योगाच्या शहरी होती. दर रविवारी ती आम्हांस सविस्तर लिहीत असे. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते. रविवारी दुकाने बंद असतात. शनिवारी तांदूळ-डाळ आणायची राहिली, तर दुसऱ्या दिवशी कोरड्या पावावर भागवावे लागते. रात्री दहानंतर आवाज चालत नाही. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. वसतिगृहात चाळीस मुलींच्या गलबल्यात वाढलेल्या या मुलीला तेथील शांतता खायला उठे.

एका पत्राने मात्र आम्हांस थांबविले. त्या भागात 'केरवोखे' नावाची जुनी रीत आहे. आपल्या 'केर' शब्दाशी तिचे साम्य केवळ योगायोगाचे. इमारतीचा जिना झाडण्या-पुसण्याची पाळी आठवड्यागणिक एकेका बिऱ्हाडाकडे जाते आणि ज्याची पाळी, त्याच्या दारावर पाटी अडकवली जाते. तिच्या वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापकही पाटी आली की जिना पुसत. तिने लिहिले, "सर, इथे झाडू जन्माला चिकटलेला नाही. पाटी शेजारच्या दारावर गेली की तो हातातून सुटतो." तो देश स्वर्ग आहे, असे आमचे म्हणणे नाही, परकेपणाची वागणूक तेथेही मिळते. पण ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या दारावरची पाटी पिढ्यान्‌पिढ्या हललीच नाही, त्यांना या वाक्याचा अर्थ उलगडून सांगावा लागत नाही.

ठेच लागली ती देशबांधवांकडून. दोन भारतीय मुलींबरोबर ती एका घरात राहत होती. एके संध्याकाळी तिला पूर्ण नाव विचारले गेले, मग गाव, मग गावातील वस्ती. पुढच्या आठवड्यात तिची भांडी वेगळ्या फळीवर गेली. तिने आम्हांस विचारले, "आडनाव दुसरेच सांगितले असते, तर?" आम्ही उत्तर दिले, "दुर्लक्ष कर, कामाकडे लक्ष दे." आज वाटते, ती आमची पळवाट होती. इतिहास शिकविणाऱ्याने तरी तसे लिहायला नको होते.

कारण याचे उत्तर आपल्या इतिहासातच आहे. १९१३ च्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा ते २२ वर्षांचे होते. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉलमधील जेवण त्यांना मानवले नाही. मग ते भारतीय विद्यार्थी राहत होते तेथे गेले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी तरुणासोबत राहिले. ही मैत्री आयुष्यभर टिकली. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. मात्र १९१७ मध्ये बडोद्यास नोकरीवर रुजू होताना त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. आणि खरे कळताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. घेतलेले नाव त्यांना निवारा देऊ शकले नाही. निवारा दिला होता तो, सारे ठाऊक असूनही सोबत राहणाऱ्या मित्राने.

हे सारे आम्ही तिला उशिरा लिहिले. पण त्याआधीच तिने आपली भांडी उचलून पुन्हा मूळ फळीवर ठेवली होती आणि आपण कोण, हे दोघींना शांतपणे सांगितले होते. एकीने क्षमा मागितली. दुसरी अखेरपर्यंत बोलली नाही.

म्हणून शाळेस आणि पालकांस आमचे आग्रहाचे सांगणे आहे. जाणाऱ्या मुलास चार पदार्थ रांधता यावेत. पहिले मानधन हाती येईपर्यंतच्या भाड्याची तजवीज आधीच व्हावी. आपले माजी विद्यार्थी कोणकोणत्या शहरांत आहेत, याची वही शाळेत असावी. पण केवळ आपल्याच माणसांच्या कोंडाळ्यात राहा, असे कोणी सांगू नये. जिना पुसणाऱ्या त्या प्राध्यापकांशीही ओळख व्हावी. आणि 'पूर्ण नाव काय?' या प्रश्नाला मान खाली न घालता उत्तर देण्याची सवय येथेच, आपल्या वर्गात लागावी. सामानात लोणच्याची बरणी आपण आठवणीने देतो. हे उत्तरही तितक्याच आठवणीने द्यावे.

जयभीम!