पालकाची जुडी आणि वसईची विहीर

पालक म्हणजे लोह, हे समीकरण आपण शाळेत घोकलेले असते. ते अर्धसत्य आहे. पालकात लोह आहे खरे. परंतु त्याचा अल्पांशच शरीर शोषून घेते. भाजीवर लिंबू पिळले, तर हे शोषण वाढते. उलट, पालक उकळून पाणी ओतून देणारा माणूस फोलेट व क जीवनसत्त्व मोरीत ओतत असतो.

तथापि पालकाचा खरा प्रश्न स्वयंपाकघरातला नव्हे, वाडीतला आहे. सुमारे महिनाभरात हे पीक कापणीस येते, बुंधा राखून कापले तर पुन्हा फुटते, शेणखतावर पोसते. त्याची अट एकच : नियमित पाणी. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्या पिढ्यान्‌पिढ्या विहिरींवर पिकल्या आणि तेथील भाजी रेल्वेने मुंबईस गेली. समुद्रालगत उपसा बेसुमार झाला, की खारे पाणी आत सरकते. पालक थोडा खारेपणा सोसेलही. शेजारची केळ सोसणार नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने हिरवाई आणि पाणी यांसाठी लढा दिला, तो उगाच नव्हे.

२००९ साली येथे महानगरपालिका आली. वाढत्या नगरास घरे हवीत, हे कोण नाकारील? परंतु छपरावरचे पावसाचे पाणी गटारात न सोडता विहिरीत मुरविणे कोणास अशक्य आहे? जुडीचा भाव आपण रोज विचारतो. ती पिकविणारी विहीर उद्या गोडी राहील काय, हेही आता विचारावयास हवे.