नकाशावर कात्री कोणाची?

गावाला एस.टी. हवी म्हणून शिष्टमंडळ गेले की साहेब नकाशा उघडतात. "तुमच्या वस्तीला रस्ताच दिसत नाही, गाडी पाठवू कोठे?" असे विचारले की आपली माणसे निरुत्तर होतात. नकाशा त्यांचा, पेन्सिल त्यांची आणि निकालही त्यांचाच. आम्ही म्हणतो, नकाशा आपणच पुढे ठेवू.

त्याचे साधन फुकट आहे. 2004 साली इंग्लंडमध्ये 'ओपनस्ट्रीटमॅप' सुरू झाला. रस्ते, पूल, थांबे लोकांनीच नोंदवायचे आणि ते कोणीही वापरायचे, अशी त्याची रीत. वापरणाऱ्याने नकाशाचे नाव सांगायचे आणि त्या माहितीत केलेली सुधारणा इतरांना द्यायची तर त्याच अटींवर द्यायची, एवढीच बंधने. साऱ्या जगाची माहिती घरच्या संगणकाला पेलत नाही. म्हणून जर्मनीतील 'जिओफॅब्रिक' तिचे तुकडे पाडून ठेवते. महाराष्ट्र, गुजरात, गोवा हे पश्चिम विभागाच्या तुकड्यात येतात. त्यातून आपला मुलूख 'ऑस्मियम' या मोफत प्रोग्रॅमने कापून घेता येतो.

पण कापायचे कोठे? नियोजनाची सरकारी कात्री जिल्ह्याच्या हद्दीवर चालते. वैजापूर तालुका छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. शेजारचा येवला आणि त्यापलीकडचे लासलगाव नाशिक जिल्ह्यात. हद्दीवर कात्री चालवली की कांद्याचा मोठा बाजारच नकाशाबाहेर! हद्दीवर तुटलेल्या रस्त्याने संगणक गाडी नेणार कोठे? तो भलताच वळसा दाखवतो, नाहीतर वाटच नाही म्हणतो. म्हणून आधी लोक बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला कोठे जातात ते पाहावे, ती सारी ठिकाणे आत येतील एवढा नकाशा घ्यावा आणि हद्द ओलांडणारे रस्ते अखंड ठेवावेत.

दुसरी गोष्ट. नकाशात वस्ती नाही याचा अर्थ वस्तीच नाही असा होत नाही. ती कोणी नोंदली नाही, एवढाच होतो. केनियातील नैरोबीत खाजगी मटाटू गाड्या लाखो लोकांना नेत, पण त्यांच्या मार्गांचा नकाशा नव्हता. तेथील विद्यार्थी मोबाईल घेऊन गाड्यांत बसले, मार्ग आणि थांबे टिपले आणि 2014 मध्ये तो नकाशा छापून निघाला. आपल्याकडेही फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्र सरकारने भारतीयांवरची नकाशे करण्यासाठी पूर्वपरवानगी घेण्याची अट काढली. संवेदनशील ठिकाणांचे निर्बंध तेवढे राहिले. मग वाट कोणाची पाहायची?

तिसरी गोष्ट. नकाशा म्हणजे वेळापत्रक नव्हे. रस्ता आहे म्हणून गाडी आहे असे होत नाही. गाड्यांच्या वेळा थांब्यांशी जोडल्या, तरच खरा हिशेब निघतो: किती वस्त्यांतली मुलगी दहाच्या आत कॉलेजात पोचते आणि दिवे लागायच्या आत घरी येते? ज्या वस्तीतून ती पोचू शकत नाही, तेथे तिचे शिक्षण बापाच्या मनावर नव्हे, गाडीच्या वेळेवर थांबते.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, प्रत्येक तालुक्यातून दोन तरुण या कामाला द्या. गावोगावचे थांबे, पावसाळ्यात बंद पडणारे रस्ते, बाजाराचे वार नोंदवा. रिकाम्या हाताने केलेली मागणी अर्ज म्हणून फाईलीत पडून राहते. नकाशा आणि वेळा पुढे ठेवून विचारलेल्या प्रश्नाला मात्र साहेबांना उत्तर द्यावेच लागेल.