भरवशाची ठासणी कोणती? शिकारी साहेब आणि जागलीचा शेतकरी

१/
शिकारीसाठी ठासणीची सर्वांत भरवशाची बंदूक कोणती, यावर इतिहासप्रेमींचे वाद रंगतात. वर्धा जिल्ह्यातून या प्रश्नाकडे पाहिले, तर उत्तर बंदुकीच्या नळीत जितके सापडते तितकेच परवान्याच्या कागदातही सापडते.

२/
पहिली कसोटी पेट घेण्याची. ठासणीच्या, म्हणजेच भरमार बंदुकीत दारू व गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावी लागे. तोड्याच्या बंदुकीत जळती वात दारू पेटवी; चकमकीच्या बंदुकीत गारगोटीची ठिणगी. दोहोंतही रंजकेला ओल लागली की बार फुकट. एकोणिसाव्या शतकात स्फोटक टोपी आली आणि ही उणीव बव्हंशी दूर झाली.

३/
दुसरी कसोटी गोळीची. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि १८६२ मध्ये वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला. याच प्रांतात अधिकारी असलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचा शिकारी रायफलींवरील ग्रंथ त्याच सुमारास प्रसिद्ध झाला. जंगलातील जवळच्या सावजासाठी त्यांनी गोल गोळी, भरपूर दारू आणि नळीत मंद पिळाच्या खाचा यांचा पुरस्कार केला. पीळ तीव्र असला, तर जोरदार बारात गोल गोळी खाचा सोडून निसटते. वेगवान गोळी जवळच्या पल्ल्यात फारशी खाली येत नाही. म्हणून अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम साधतो.

४/
तिसरी कसोटी दुसऱ्या बाराची, आणि खरा भेद येथेच आहे. साहेबाच्या हाती दुनळी रायफल असे. मागे दुसरी भरलेली बंदूक घेऊन माणूस उभा असे. एकनळी भरमार घेऊन रात्री जागलीला बसलेल्या शेतकऱ्याला मात्र जखमी रानडुक्कर अंगावर आले, तर अंधारात पुन्हा दारू मोजण्याची उसंत नसे.

५/
१८७८ च्या शस्त्र कायद्याने हा भेद अधिक पक्का केला. भारतीयांना परवाना आवश्यक ठरला. युरोपियनांना नियमांनी सूट मिळाली. १९१८ मध्ये गांधीजींनी या कायद्याचा अत्यंत कठोर शब्दांत निषेध केला. तेच गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. अहिंसेचा उपासकही सक्तीने निःशस्त्र होण्यात अपमान पाहत होता, हे विसरता कामा नये.

६/
स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या शस्त्र कायद्याने पीकसंरक्षणासाठी परवान्याची वाट मोकळी केली, पण बंदूक नेमली ती ठासणीचीच. ती अपुरी असल्याची अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येई. जगाने ठासणी सोडून शतक उलटत आले होते.

७/
१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आवर घातला, आणि ते योग्यच झाले. बोरच्या जंगलातील वाघ त्याचीच साक्ष देतात. परंतु त्या जंगलाच्या काठावर रोही आणि रानडुकरांपासून तूर-कपाशी राखणारी जागल संपलेली नाही.

८/
म्हणून भरमारीकडे केवळ जुन्या काळातील शौर्याची खूण म्हणून पाहणे अपुरे आहे. टोपी, गोल गोळी, मंद पीळ ही कारागिराची उत्तरे होत. दुसरा बार कोणाला मिळावा, हे मात्र पैसा आणि कायदा ठरवीत आले. संग्रहालयात ठासणीची बंदूक दिसली, तर ती कोणी घडवली याबरोबरच ती कोणाला बाळगू दिली, हेही विचारावे.