सोफ्याचें बाह्यांग

'सोफा' हा शब्द अरबी 'सुफ्फा' या शब्दावरून निघाला. त्याचा मूळ अर्थ बसण्याचा ओटा. म्हणजे आपल्या ओटीशीं त्याचें नातें फार दूरचें नाहीं. दुकानांत गेलेलीं आपलीं माणसें मात्र कापडाचा रंग तेवढा पाहून परततात.

वस्तुतः बाहेरून दिसणारा प्रत्येक भाग कांहीं कामासाठीं निर्माण झाला. पाठीवर खोल ओढून बसविलेलीं बटणें पाहा. पूर्वीं आंत घोड्याचे केस भरीत. ते खालीं सरकूं नयेत म्हणून सुतळीचा टांका आरपार घालून वर बटण बांधीत. हल्लीं आंत फोम असतो, तो तसा सरकत नाहीं. बटण उरलें तें बहुधा शोभेपुरतें. कांद्याच्या हंगामांत लासलगांवीं ट्रॅक्टरांनीं उडविलेली धूळ त्या प्रत्येक खळगींत बसते आणि ती झटकण्याचें काम सुनेच्या वांट्यास येतें, निवड करणाऱ्याच्या नव्हे! शिवणीवरील गोट उपयुक्त खरा. घर्षण प्रथम तो सोसतो. खालची झालर पाय झांकते, पण केरसुणीसही अडविते.

सर्वांत महत्त्वाचे हात. ते रुंद, वळलेले व मऊ असले म्हणजे भारदस्त दिसतात. परंतु गुडघे दुखणाऱ्या वृद्धास उठतांना रेटा देण्यास कणखर आणि पुढपर्यंत आलेला हात लागतो. बैठकही फार खोल किंवा ठेंगणी नसावी. नाहीं तर घरांत पाहुणे आले असतां आजोबा आपली जुनी लांकडी खुर्ची ओढून दाराशीं बसतात, आणि त्याचें कारण कोणी विचारीत नाहीं. खरेदीपूर्वीं त्यांनाच दुकानांत न्यावें, दोनदां बसवून उठवावें; रंग मागाहून पाहावा.