नाव एक केले, म्हणून जोडले गेले काय?

आमच्या वसाहतीत दोन इमारती. इंटरनेटची जोडणी अ इमारतीत मंडळाच्या खोलीत, आणि पोरांची अभ्यासिका मैदानापलीकडे ब इमारतीत. तिथेही एक राऊटर होता, पण बाहेरच्या जोडणीविना. मोबाईलचा डेटा संपला की शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मुलींना रात्री अ इमारतीच्या जिन्यात येऊन उभे राहावे लागे.

आमच्या तरुणांनी सोपा उपाय काढला. दोन्ही राऊटरना एकच नाव, एकच पासवर्ड दिला आणि काम फत्ते म्हणून चहाही पाजला. जोडले मात्र काहीच गेले नव्हते! नाव एक असले की मोबाईल जवळच्या राऊटरला आपोआप चिकटतो, एवढेच. राऊटर एकमेकांशी बोलू लागत नाहीत.

मधोमध वायर टाकावी, तर साध्या नेटवर्क केबलची मर्यादा 100 मीटर. मैदान 70 मीटरचे, शिवाय दोन्हीकडचे चार-चार मजले. त्यात उघड्यावरची तांब्याची तार म्हणजे पावसाळ्यात विजेची भीती. म्हणून बिनतारी पूल करायचे ठरले. दोन्ही गच्च्यांवर एकेक उपकरण, समोरासमोर तोंड करून. 5 गिगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत इमारतीबाहेर वापरायला आपल्याकडे 2018 पासून परवाना लागत नाही.

पण मध्ये गुलमोहर! समोरची गच्ची फांद्यांतून दिसते तेवढे पुरत नाही. एवढ्या अंतराला मधोमध चहूबाजूंनी सुमारे मीटरभर जागा मोकळी असावी लागते, आणि ओली पाने लहरी शोषून घेतात. कुणी म्हणाले, झाड तोडा. आमच्या आयाबाया दुपारी त्याच सावलीत बसतात. त्याऐवजी पाण्याच्या टाकीवर पाइप उभारून उपकरण वर चढवले. पाइपला अर्थिंगही केले.

खरे भांडण पुढेच. दोन्ही राऊटरचा अंतर्गत पत्ता 192.168.1.1, आणि दोघेही मोबाईलना पत्ते वाटणारे. दोन घरांना एकच नंबर दिला तर पोस्टमन काय करील? एकाने पत्ते वाटावेत, दुसऱ्याने ते काम बंद करून वेगळा पत्ता घ्यावा, असे मी सुचवले. झाले! ‘आमच्या इमारतीने का म्हणून दुय्यम व्हायचे?’ तासभर वाद. शेवटी एका आजींनीच विचारले, ‘अरे, पण बाहेरची वायर कुणाकडं येते?’ अ इमारतीकडे. प्रश्न मिटला.

एक सूचना मात्र आवर्जून. कुणाच्या घरगुती जोडणीवरून असा पूल टाकू नये. कंपनीच्या अटी आधी वाचाव्यात. आम्ही जोडणी मंडळाच्या नावे घेतली आहे.

गेल्या महिन्यापासून अभ्यासिकेत अर्ज भरले जात आहेत. ब च्या गच्चीवरचे उपकरण सात वॅटचे, म्हणजे महिन्याला पाच युनिट. ते जिन्याच्या मीटरवर टाकायचे की मंडळाच्या, हा विषय रविवारच्या बैठकीत आहे.